बाराव्या गोलातले हंबीरराव

अफताबनं हंबीररावांचं मुंडकं उचललं आणि ऋषिराजच्या पायाशी नेऊन ठेवलं, तेव्हा त्याच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. दुपारची वीज जायची वेळ झाली होती, मशीन तापलं होतं आणि फ्लेक्सच्या खालच्या ओळीत एक गोल रिकामा दिसत होता, एवढंच.

वाढदिवसाचा फ्लेक्स कसा असतो हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. मधोमध वाढदिवसवाला, गॉगल लावून, मोबाईल कानाला लावून, जणू दिल्लीहून फोन आलाय. वरच्या कोपऱ्यात नेतेमंडळी. आणि खाली शुभेच्छुकांचे गोल. अफताबच्या कॉम्प्युटरमधल्या साच्यात सहा-सहाच्या दोन ओळी होत्या आणि ऋषिराजच्या मित्रमंडळाकडून फोटो आले होते अकरा. अकरा माणसं आणि एक भोक. लग्नाच्या फोटोत नवरदेव तोंडभर हसावा आणि नेमका पुढचा दात नसावा, तसं ते दिसत होतं. साचा बदलायचा तर वेळ जातो. त्यापेक्षा सोपा उपाय या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतो. जुन्या फोटोंतलं एखादं बरंसं मुंडकं काढायचं आणि भोकात बसवायचं. अफताबच्या दुकानात त्याला ‘भरतीचं मुंडकं’ म्हणत. त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केली नव्हती. वाढदिवसवाल्याला वाटतं, मित्रांनी कुणाला तरी घेतलंय. मित्रांना वाटतं, वाढदिवसवाल्याचा कुणी पाहुणा असंल. आणि ज्याचं मुंडकं असतं त्याला आपण एवढे लोकप्रिय कधी झालो हे कळत नाही, पण बरं वाटतं.

हंबीररावांचं मुंडकं तर भरतीसाठी देवानंच घडवलेलं. चिंचसोंडमध्ये तशी मिशी दुसरी नव्हती. दोन्ही टोकं वर वळलेली, मधे भरघोस, आणि डोक्यावर फेटा. हंबीरराव फेटे बांधायचे. लग्नं, जत्रा, सत्कार, उद्घाटनं. चिंचसोंडपासून पार वडूजपर्यंत कुणाच्या डोक्यावर काही चढवायचं असेल तर हंबीररावांना सांगावा जायचा. कार्डावर छापायला म्हणून त्यांनी कधीतरी अफताबकडं फोटो काढून घेतला होता. बघणाऱ्याला वाटावं, या माणसानं सकाळी उठून दोन किल्ले घेतले असतील आणि मग न्याहारी केली असेल.

प्रत्यक्षात हंबीरराव पालीला भ्यायचे. कुकरच्या शिट्टीला भ्यायचे. त्यांचा बाप फौजेत, दोन्ही थोरले भाऊ फौजेत. हंबीररावही भरती झाले, पण पहिल्या गोळीबाराच्या आवाजाला सरावाच्या मैदानावरनं जे निघाले ते एस.टी.त बसूनच थांबले. बापानं वर्षभर तोंड बघितलं नाही. मग आईच्या मामानं फेटे बांधायला शिकवलं आणि हंबीररावांना कळलं, की शूर माणसाच्या डोक्यामागं उभं राहूनही जन्म काढता येतो.

फटाक्यांचं तर विचारू नका. लग्नात वरात निघायच्या आधी हंबीरराव घरी. उद्घाटनाला मात्र पंचाईत व्हायची, कारण फीत कापली की लगेच माळ लावतात. म्हणून पाहुण्यानं कात्री हातात घेतली रे घेतली, की हंबीरराव जवळच्या टेबलाखाली जायचे आणि दोन्ही कानांत बोटं घालून बसायचे. गावाला याची सवय होती. पोरं म्हणायची, “मामा गेलं खाली, आता माळ लागणार.”

त्यांच्या जोडीला बयाबाई असायच्या, म्हणजे त्यांच्या मंडळी. फेट्याचं कापड लांबच्या लांब. त्याची नीट घडी पडायची तर एकानं डोक्यापाशी बांधायचं आणि दुसऱ्यानं लांब उभं राहून टोक ताणून धरायचं. टोक धरणं हे बयाबाईंचं काम. “ताण धर, सैल सोडू नगंस,” असं हंबीरराव ओरडायचे. संसारात बायकोवर ओरडायची तेवढीच एक जागा त्यांना मिळाली होती.

तर हे मुंडकं बाराव्या गोलात बसलं, फ्लेक्स एस.टी. स्टँडसमोर चढला आणि दुसऱ्या दिवशी हंबीरराव दुकानात हजर.

“अफताब, स्टँडवर मी हाय.”

“व्हय मामा. चुकून...”

“चुकून कशाचं? झ्याक आलंय.” मग जरा वाकून, हळू आवाजात, “फकस्त वाढदिवस कुणाचा हाय तेवढं सांग. रस्त्यात गाठ पडली तर शुभेच्छा द्याय लागतील.”

तोवर बयाबाईंनी फ्लेक्सचा फोटो काढून मिरजेला लेकीला, पूजाला, पाठवलासुद्धा होता. फ्लेक्स रीतीप्रमाणे तिथंच राहिला. चढवायला दहा जण येतात, उतरवायला वारा यावा लागतो.

वारा यायच्या आधी ऋषिराजनं वीरधवलदादांना गोळी घातली.

वीरधवलदादा यंदा आमदारकीला उभे राहणार होते. माणूस तसा सरळ, बोलायला फटकळ. बाजारातल्या नव्या सलूनचं उद्घाटन होतं. सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधून झाले, शेवटी दादांना बांधला. बयाबाई त्या दिवशी मिरजेला दवाखान्यात, पूजा बाळंत झाली होती. तेव्हा टोक धरायला हंबीररावांनी तिथल्याच कुणाला तरी हाताशी घेतलं. तिकडं कोण बघतंय? दादा उठले, कात्री घेतली, फोटोसाठी हसले. पोरगं गर्दीतून दोन पावलं पुढं आलं. दादा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. ऋषिराज पळाला नाही. पिस्तूल खाली टाकून नव्या सलूनच्या खुर्चीत जाऊन बसला आणि पोलीस येईतो आरशात स्वतःकडं बघत राहिला. पोलिसांना तो एकच वाक्य सांगत होता, “मी एकट्यानं केलं.”

त्यानंतर चार दिवस चिंचसोंडनं दुसरं काही काम केलं नाही. दूध घातलं, जनावरं बांधली आणि लोक ज्योतिबाच्या हॉटेलात येऊन बसले. पोरगं एकटं होतं का त्याच्यामागं कुणी होतं, यावर दोन तट पडले. चहा मात्र दोन्ही तटांना एकच लागायचा.

“एकटंच असणार. गणपतीत दादांनी सगळ्यांम्होरं कानफटात दिली हुती त्याला. डोक्यात राख घालून घेतली पोरानं.”

“कानफटात दिल्यावर पिस्तूल उगवतंय व्हय? आणलं कुठनं? मेथीसंगं बाजारात मिळतंय?”

“आणलं असंल कुठनं तरी.”

“आरं, त्येला गाडीचं पंक्चर काढाय दोघं लागायचं. एकानं गाडी धरायची, एकानं पान्हा द्यायचा. त्यो एकटा माणूस मारतोय?”

“मग कोण हुतं सांग की तूच.”

इथं आलं की हॉटेलात चहाचा फुरका तेवढा ऐकू यायचा. सगळ्यांची नजर खिडकीतून स्टँडवरच्या फ्लेक्सकडं जायची. खाली बारा गोल होते. त्यांतल्या अकरांमधली पोरं कुणाच्या गाडीत फिरतात, कुणाच्या शेतावर जेवतात, हे पोरासोरांना माहीत होतं. पहिल्या गोलात लालासाहेब होते. दादांच्या जागी आमदारकीला कोण, असा प्रश्न निघाला की आता पहिलं नाव त्यांचंच. ती अकरा नावं उच्चारायला कुणाची जीभ वळत नव्हती. बारावं नाव घ्यायला मात्र कुणालाच भ्यायची गरज नव्हती.

“हंबीरराव काय करतंय त्यांच्यात?” कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं.

त्यात ती क्लिप आली. कुणाच्या तरी मोबाईलवरची, फेटा बांधून झाल्यापासूनची. दादा कात्री घेतात. मागं फेटेवाला माणूस गडबडीनं टेबलाखाली जातो, कानांत बोटं घालतो. मग गोळीचा आवाज. टी.व्ही.वाल्यांनी ती थांबवून, हळू करून, फेटेवाल्याभोवती लाल गोल काढून दाखवली. ‘गोळी सुटण्याआधीच हा माणूस खाली का बसला?’ शेजारच्या चौकटीत फ्लेक्सवरचा बारावा गोल. दोन्हीकडं तीच मिशी. चिंचसोंडमध्ये शेंबड्या पोराला उत्तर माहीत होतं, पण टी.व्ही. चिंचसोंडचा नव्हता. आणि आश्चर्य असं, की टी.व्ही. बघून चिंचसोंडलाही उत्तर आठवेना.

अफताबनं क्लिप दुकानात बसून पाहिली. पान खाऊन थुंकावं इतक्या सहज त्यानं ते मुंडकं उचललं होतं.

हंबीररावांनी तर त्याहून मोठा घोटाळा केला. त्यांनी घाबरून मिशी काढली.

झालं. “ओळख लपवाय लागला,” असं हॉटेलात ठरलं. मिशी गेल्यावर हंबीररावांचं तोंड सोललेल्या कोंबडीसारखं दिसू लागलं. पोलिसांची गाडी आली, त्यांना सकाळी नेलं आणि दिवस मावळताना सोडलं. बयाबाई तान्ह्या नातवाला टाकून मिरजेहून आल्या आणि दिवसभर ठाण्याच्या पायरीवर बसून राहिल्या. येताना रस्त्यात मोटारसायकल फुटफुटली की हंबीरराव बयाबाईंच्या पदराला धरायचे. दोन लग्नांच्या सुपाऱ्या परत गेल्या. पूजाच्या सासरहून निरोप आला, की बारशाला बाईंनी एकट्याच यावं.

हे ऐकल्यावर अफताब उठला आणि तपासाला बाहेरून आलेल्या साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

“साहेब, बारावा गोल भरतीचा आहे.”

“म्हणजे?”

अफताबनं सांगितलं. साच्याचं, भोकाचं, मुंडक्याचं. साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले.

“म्हणजे मी आठवडाभर एका माणसाला संशयितांच्या रांगेत धरून बसलोय, कारण तुला रांग पुरी करायची होती?”

“व्हय साहेब.”

“आणि बाकीचे अकरा? ते खरे का तेही भरतीचेच?”

ते अकरा फोटो लालासाहेबांनी स्वतःच्या मोबाईलवरून पाठवले होते. सोबत लिहिलं होतं, ‘आपली माणसं. एक पण कमी नको.’ तो मेसेज अजून अफताबच्या मोबाईलमध्ये होता.

“बघून सांगतो साहेब,” तो म्हणाला.

“बघ. परवा ये. एकेका गोलावर बोट ठेवून सांगायचं, आणि खाली सही.”

बातमी ठाण्यातनं अफताबच्या आधी बाजारात पोचली. संध्याकाळी दुकान उघडतोय तोवर सातव्या गोलाची आई दारात. “माझ्या पोराचं पण भरतीचंच घातलंस न्हवं, बाबा? तुझी तर सवयच हाय ती.” तिच्यामागं चौथ्या गोलाचा भाऊ. मग दहावा गोल स्वतः, तोंडाला रुमाल बांधून. वाढदिवसाला फ्लेक्सवर यायला धडपडणारी मंडळी आता फ्लेक्सवरून उतरायला रांग लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी पहिला गोल आला. लालासाहेब एकटेच आले, साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. खुर्ची पुसून बसले. आवाज इतका मऊ, की कॉम्प्युटरच्या पंख्याच्या आवाजातून ऐकायला कान द्यावा लागत होता.

“हंबीररावाचं बरं केलंस. गरीब माणूस हाय. त्याला सोडवायलाच पायजे.”

“व्हय लालासाहेब.”

“मग अर्धवट कशाला सोडवतोस? बारावा भरतीचा हाय, तर अकरावा का न्हाई? दहावा का न्हाई?” असं मोजत ते पहिल्यापर्यंत आले आणि हसले. “सगळीच तू भरलीस. पोरगं एकटं. मिटला विषय. हंबीरराव सुटला, तू सुटलास.”

लालासाहेबांनी मान वर करून छताकडं पाहिलं. “वायरिंग जुनं दिसतंय रं तुझं. फ्लेक्सला आग लय लवकर धरती. आणि मोबाईल पण जुना झालाय. बदलून टाक आजच.” जाताना त्यांनी पेढ्यांचा पुडा अफताबच्या मांडीवर ठेवला, जसा बाळंतिणीच्या मांडीवर ठेवतात.

घरी बायकोनं, सबीनानं, पुडा बघितला आणि कुणी दिला, वायरिंगचं काय म्हणाले, ते ऐकलं. लहान साक्षी शेजारून खेळायला आली होती, तिनं हात पुढं केला. सबीनानं पुडा उचलून कपाटावर टाकला. “त्याला हात लावू नको बेटा,” ती म्हणाली, आणि अफताबकडं न बघता, “तुम्ही पण.” त्या संध्याकाळी ती स्विचबोर्डासमोरून जाताना दर वेळी वास घेत होती.

अफताबनं हिशोब केला आणि त्याला तो पटला. लालासाहेब म्हणतात ते वाईट असेल, पण सोपं होतं. सगळे भरतीचे म्हटलं की हंबीरमामा निर्दोष. ऋषिराज तर स्वतःच एकटा होतो म्हणतोय. दादा काही परत यायचे नव्हते. फक्त हंबीररावांनी त्यात फाटे फोडता कामा नयेत. भित्रा माणूस. साहेबांनी आवाज चढवला की तोंडात येईल ते बोलायचा. म्हणून साहेबांकडं जायच्या दिवशी, दुपारी, अफताब आधी त्यांच्याकडं गेला. मोबाईल खिशात होता. मेसेज पुसायला त्यानं तीनदा बोट नेलं होतं आणि तीनदा मागं घेतलं होतं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

हंबीरराव घरात फेट्याची कापडं उलगडून बसले होते. कुणी बोलावणार नव्हतं, तरी धुऊन वाळलेल्या कापडांच्या घड्या चालल्या होत्या. मिशीच्या जागी पांढरे खुंट आले होते. बयाबाई टोक धरून उभ्या होत्या.

“आवं, अफताब आलाय,” त्या म्हणाल्या. “धर रं हे जरा. मी च्या टाकती.” आणि टोक त्याच्या हातात देऊन आत गेल्या.

मग या टोकाला अफताब आणि त्या टोकाला हंबीरराव. मधे लांबच्या लांब गुलाबी कापड. हंबीररावांनी घडी पाडली की तिची ओढ कापडावरून चालत अफताबच्या बोटांपर्यंत यायची.

“मामा, माझ्यापायी झालं हे सगळं.”

“व्हय. तुझ्यापायीच झालं.” हंबीरराव रागानं बोलले नाहीत. “ताण धर.”

अफताबनं ताण धरला. “पण आता मिटवता येतंय. मी आज साहेबांकडं सांगणार हाय, की सगळी मुंडकी मीच भरली. म्हणजे तुमच्यावर काय राहतच न्हाई.”

हंबीरराव घडी घालत एक पाऊल पुढं आले. “सगळी?”

“सगळी.”

“लालासाहेबाचं पण?”

“मामा, तुमी त्यांचं नाव घेऊ नका.” अफताबनं दाराकडं पाहिलं. “दुकानात आलते. वायरिंग बघून गेले. माझ्या घरात बायको हाय.”

“माझ्याकडं पण आलतं.” आणखी एक पाऊल. “पेढं आणलं हुतं.”

“मग? काय म्हणाले?”

“नातवाचं तोंड गोड करा म्हणालं. मिरजेत कुठल्या गल्लीत हाय, त्ये पण सांगितलं त्येनीच.” हंबीररावांनी कपाळावरचा घाम फेट्याच्या कापडाला पुसला, मग कापड खराब झालं म्हणून तिथंच फुंकर घातली. “तवापास्नं गिळलेलं खाली उतरत न्हाई बघ. पाल चुकचुकली तरी मुतायला हुतंय.”

अफताबला त्यांची इतकी कीव आली, की क्षणभर तो स्वतःची भीती विसरला. बाहेर एक गाडी थांबल्यासारखी वाटली. गाडी गेली. हंबीरराव घडी घालत घालत आता अगदी जवळ आले होते. दोघांच्यात हातभर कापड उरलं होतं.

“म्हणूनच म्हणतोय मामा,” अफताब कुजबुजला. “आपण काय कोर्ट न्हाई. पोरगं सवता म्हणतंय, मी एकटा हुतो. साहेबांनी विचारलं तर तुमी पण एवढंच म्हणा, एकटंच हुतं. तुमचं काय जातंय त्यात?”

हंबीररावांनी त्याच्या हातातलं टोक सोडवून घेतलं, घडीवर ठेवलं आणि म्हणाले, “दादाला फेटा बांधताना टोक धराय ऋषिराजला लालासाहेबानंच धाडलं हुतं, हे मी सकाळीच सायबाला सांगून आलोय.”